हॉलची किल्ली आणि हॉलचे छप्पर

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा कम्युनिटी हॉलशी संबंध येतो तो भाड्याने घेणारे म्हणून. शनिवारची मराठी शाळा असो, गणपती असोत की नाटकाची तालीम, तासाच्या दराने हॉल घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या, काम आटोपले की झाडलोट करून दिवे मालवायचे आणि किल्ली परत द्यायची. त्या वास्तूचा मालक कोण, तिचे छप्पर कोण दुरुस्त करतो, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. ती वेळ येते कौन्सिलचे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचे, पत्र आल्यावर. हा हॉल चालवणे यापुढे आम्हाला परवडणार नाही, स्थानिक संस्था तो चालवायला तयार असेल तर बोलणी करू, अन्यथा अमुक तारखेनंतर तो बंद होईल, असा त्या पत्राचा आशय असतो. आमच्या वस्तीत असे पत्र आले तेव्हा तो हॉल वापरणारे आम्ही काही जण एकत्र जमलो, आणि त्यानंतर नऊ वर्षे मी त्या समितीचा खजिनदार होतो. आज जे सांगणार आहे त्यातला बराचसा भाग त्या नऊ वर्षांच्या हिशेबांतून आलेला आहे.

माझे मुख्य म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. हॉल स्वयंसेवकांकडे सोपवण्याचा प्रयोग फसला की लोक म्हणतात, स्वयंसेवकांचा उत्साह ओसरला. माझ्या पाहण्यात कारण वेगळे आले आहे. करारनाम्यात छपराची जबाबदारी समितीकडे येते आणि त्या छपरासाठी पैसा उभा करता येईल असा हक्क मात्र कौन्सिलकडेच राहतो. अशा करारावर सही झाली की पुढे कितीही माणसे राबली तरी ती वास्तू हळूहळू खचत जाते.

स्वयंसेवकांनी हॉल चालवणे ही या देशात नवी गोष्ट नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुमारे १०,००० व्हिलेज हॉल आहेत आणि त्यांतील बहुसंख्य गावकऱ्यांच्या धर्मादाय विश्वस्त समित्या चालवतात. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांनी मृत सैनिकांचे स्मारक म्हणून हॉल बांधले. मात्र हे हॉल मुळातच गावाच्या मालकीचे होते. शहरांतले आणि उपनगरांतले हॉल कौन्सिलने बांधले, कौन्सिलनेच चालवले, आणि त्यांच्या देखभालीची सवय कौन्सिलच्या कचेरीत राहिली, वस्तीत नाही. दोन्हींना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

कौन्सिलच्या वास्तू लोकांकडे सोपवण्याच्या धोरणाला बळ मिळाले ते २००७ मध्ये, लंडनमधील लुइशम कौन्सिलचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी बॅरी क्वर्क यांच्या अहवालामुळे. सार्वजनिक वास्तूंची मालकी किंवा व्यवस्थापन लोकांकडे देण्यात जोखीम आहे, पण ती नीट हाताळता येते, असा त्या अहवालाचा सूर होता. त्या वेळी या विचारामागे वस्तीला बळ देण्याची इच्छा होती. २०१० नंतर केंद्र सरकारकडून कौन्सिलांना मिळणारा निधी वर्षानुवर्षे आटत गेला, २०१८ मध्ये नॉर्दॅम्प्टनशायरने आणि २०२३ मध्ये बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅमने आपल्या अंदाजपत्रकाचा मेळ बसत नसल्याची अधिकृत सूचना काढली, आणि तोच विचार कपातीचे साधन बनला. पत्राची भाषा तीच राहिली, पण पत्र पाठवण्याचे कारण बदलले. समितीने बोलणीला बसताना हे ओळखून बसावे, कारण समोरच्या अधिकाऱ्याला हॉल तुम्हाला द्यायचा आहे की आपल्या वहीतून फक्त कमी करायचा आहे, यावर पुढचे सगळे ठरते.

आता भाडेपट्ट्याच्या मुदतीचा मुद्दा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक समित्या इथेच घसरतात.

१९७२ च्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टच्या कलम १२३ नुसार कौन्सिलला आपली जमीन किंवा वास्तू देताना वाजवीपणे मिळू शकणारा सर्वाधिक मोबदला घ्यावा लागतो. त्यापेक्षा कमी घ्यायचा तर मंत्र्यांची संमती लागते. सात वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मात्र हे बंधन नाही. त्यामुळे सात वर्षांचा किंवा त्याहून कमी मुदतीचा पट्टा पुढे करणे अधिकाऱ्याला सर्वांत सोयीचे असते. त्याला मूल्यांकनाची फाइल चालवावी लागत नाही आणि कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. समितीला मात्र हा पट्टा जवळजवळ निरुपयोगी असतो. नवे छप्पर घालायला किंवा बॉयलर बदलायला मोठे अनुदान मागायला गेलात की अनुदान देणारी संस्था पहिला प्रश्न विचारते, तुमच्या पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत? चार वर्षे असे उत्तर दिले की बोलणे तिथेच संपते, आणि त्यात त्या संस्थेची चूक नाही. चार वर्षांनी परत कौन्सिलकडे जाणाऱ्या वास्तूवर ती पैसा का घालील?

यावर उपाय कायद्यातच आहे. २००३ मध्ये सरकारने एक सर्वसाधारण संमती दिली. एखाद्या व्यवहाराने त्या भागाचे आर्थिक, सामाजिक किंवा पर्यावरणीय हित साधणार असेल आणि मोबदल्यातली सूट २० लाख पाउंडांपेक्षा जास्त नसेल, तर कौन्सिलला मंत्र्यांकडे स्वतंत्रपणे न जाता कमी मोबदल्यात वास्तू देता येते. वस्तीतला साधा हॉल या मर्यादेत सहज बसतो. म्हणजे पंचवीस, पन्नास किंवा नव्याण्णव वर्षांचा पट्टा नाममात्र भाड्याने देण्याचा अधिकार कौन्सिलकडे आहे. ‘कायदा आम्हाला परवानगी देत नाही’ हे उत्तर मिळाले तर समितीने नम्रपणे, पण लेखी, २००३ च्या संमतीचा उल्लेख करावा. आम्हाला ही माहिती उशिरा मिळाली. पहिला पट्टा आम्ही पाच वर्षांचा घेतला आणि त्या पाच वर्षांत रंगरंगोटीपलीकडे काही करता आले नाही.

आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने लोकांना जो हक्क दिला तो बोली लावण्याचा. वस्तीच्या उपयोगाची म्हणून कौन्सिलच्या यादीत नोंदलेली वास्तू मालक विकायला काढतो तेव्हा स्थानिक गटाला पैसे जमवण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी मागता येतो, पण त्या गटालाच वास्तू विकण्याचे बंधन मालकावर नसते. स्कॉटलंडची स्थिती याहून चांगली आहे. तिथल्या २०१५ च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट ॲक्टखाली जानेवारी २०१७ पासून स्थानिक संस्था स्वतःहून हस्तांतराची मागणी करू शकते, नाकारण्यासाठी सबळ कारण द्यावे लागते, आणि नकाराविरुद्ध दाद मागता येते. इंग्लंडमध्ये हा प्रवास अजूनही कौन्सिलच्या मर्जीने सुरू होतो, आणि मला ही उणीव गंभीर वाटते.

पट्ट्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वास्तूची खरी स्थिती. ताबा मिळाला त्या संध्याकाळी आमच्या हातात एक फाइल आणि किल्ल्यांचा मोठा जुडगा आला. जुडग्यातल्या निम्म्याहून अधिक किल्ल्यांना चिठ्ठी नव्हती. आम्ही दोघे जण टॉर्च घेऊन एकेक दार लावून पाहत होतो. रंगमंचाच्या मागच्या खोलीचे दार उघडले तेव्हा आत एक बादली ठेवलेली दिसली. ती अर्धी भरलेली होती आणि तिच्या कडेला पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, एकावर एक. वर सपाट छपराचा कोपरा काळा पडला होता. म्हणजे गळती काही महिन्यांची नव्हती, आणि बादली ओतणाऱ्या केअरटेकरला ती ठाऊक होती. फाइलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. आम्ही सही त्या दिवशी सकाळीच केली होती.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की सहीपूर्वी स्वतःच्या सर्वेअरकडून पाहणी करून घ्या, कौन्सिलच्या अहवालावर विसंबू नका, आणि पाहणीच्या वेळी केअरटेकरला बरोबर घ्या. इमारतीच्या दुखण्याची जाण त्याच्याइतकी कोणालाच नसते. संपूर्ण दुरुस्तीची अट असलेल्या पट्ट्यावर सही म्हणजे सहीच्या दिवसापर्यंत साचलेली दुरुस्तीही तुमचीच झाली. पाहणीत निघालेला खर्च कौन्सिलने आधी करावा, किंवा तेवढी रक्कम हस्तांतराबरोबर द्यावी, किंवा सध्याच्या अवस्थेचे छायाचित्रांसह परिशिष्ट पट्ट्याला जोडून त्याहून चांगल्या अवस्थेत ठेवण्याची जबाबदारी समितीवर नाही असे नोंदवावे. या तिन्हींपैकी एकही मान्य नसेल तर हॉल घेऊ नये, असे मी स्पष्ट म्हणतो. वस्तीतला हॉल बंद होताना पाहणे फार क्लेशाचे असते, पण तीन वर्षांनी तोच हॉल आपल्या हाताने बंद करावा लागणे त्याहून क्लेशाचे.

सुरक्षेच्या जबाबदाऱ्या थोडक्यात सांगतो. २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे वास्तू ज्याच्या नियंत्रणात तो जबाबदार, म्हणजे आगीच्या जोखमीची तपासणी समितीनेच करायची. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही हॉलमध्ये ते असू शकते, आणि कुठे आहे याची नोंद ठेवणे २०१२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ही कामे कठीण नाहीत, नियमित करावी लागतात एवढेच.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न मात्र तसा हलका नाही. हॉलचा केअरटेकर कौन्सिलचा नोकर असेल, तर नोकरीच्या हस्तांतराविषयीच्या २००६ च्या नियमांनुसार त्याची नोकरी आहे त्या शर्तींसह नव्या संस्थेकडे येऊ शकते, आणि तिच्यामागे निवृत्तिवेतनाचा प्रश्नही येतो. एका अर्धवेळ माणसाच्या निवृत्तिवेतनाची जोखीम छोट्या संस्थेला पेलवत नाही. ती कौन्सिलने स्वतःकडे ठेवावी, आणि त्या माणसाला यातले काहीही दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. वीस वर्षे तो हॉल उघडणाऱ्या माणसाचा तेवढा मान राखलाच पाहिजे.

पैशाच्या बाजूला काही आधार आहेत. धर्मादाय संस्थेला स्थानिक व्यवसाय करात ८० टक्के सूट हक्काने मिळते आणि उरलेले २० टक्केही कौन्सिलला माफ करता येतात. २०१३ पासून छोट्या संस्थांना धर्मादाय निगमित संस्था म्हणून नोंदणी करता येते, त्यामुळे विश्वस्तांच्या खासगी मालमत्तेवर सहसा आच येत नाही. नोंदणीशिवाय ताबा घेऊ नये. सरकारचा १५ कोटी पाउंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड २०२१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या भरवशावर आखलेली जुनी नियोजने पुन्हा मांडावी लागतील. भाड्याच्या उत्पन्नातून रोजचा खर्च निघतो. छप्पर, खिडक्या आणि बॉयलर यांच्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला टाकावी लागते. आमच्या समितीत या रकमेवरून दरवर्षी वाद होई. ज्येष्ठांच्या भोजन मंडळाचा दर वाढवायचा का, हा त्या वादाचा खरा गाभा असे. आम्ही तो वाढवला नाही, शनिवार-रविवारच्या समारंभांचा दर वाढवला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्या वस्तीत निवृत्त वकील, हिशेबनीस आणि बांधकाम जाणणारी माणसे राहतात तिथे समिती महिन्याभरात उभी राहते. जिथे लोक दोन-दोन पाळ्यांत काम करतात तिथे हॉलची गरज सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळी बैठकीला येऊ शकणारी माणसे सर्वांत कमी. अशा ठिकाणी पत्र पाठवून सहा महिने वाट पाहणे आणि मग ‘कोणी पुढे आले नाही’ अशी नोंद करून दार बंद करणे हा अन्याय आहे. तिथे कौन्सिलने निदान काही वर्षे पगारी कार्यकर्ता द्यावा, किंवा हॉल स्वतःच चालवावा.

समितीत माणसे येतात कुठून, हेही सांगतो. व्हिलेज हॉलच्या जुन्या विश्वस्त करारांत एक शहाणी पद्धत असे: काही विश्वस्त गावाने निवडायचे आणि काही हॉल वापरणाऱ्या संस्थांनी पाठवायचे. आम्ही ती उचलली. त्यामुळे भाडे देणारा आणि दर ठरवणारा एकाच टेबलाशी बसू लागला. आपल्या शनिवारच्या शाळेकडून गेल्या वर्षी एक शिक्षिका समितीवर आली. तिला वाटले होते की वेळापत्रकाचे काम असेल. पहिल्याच बैठकीत तिने पट्ट्याची प्रत मागून घेतली, दुरुस्तीचे कलम वाचले, आणि विचारले की बाजूला टाकलेल्या पैशांतून रंगमंचामागचे छप्पर कोणत्या वर्षी होणार आहे.