नदीकाठच्या कड्यावरून जाणारा एक दिवसाचा ट्रेक: निघायच्या आधीच काय काय ठरवायचं

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय अशा वाटांबद्दल जिथे एका हाताला सरळसोट कातळ असतो, दुसऱ्या हाताला दरी, खाली खोल नदी, आणि मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी पायवाट. मला या वाटा प्रचंड आवडतात, कारण प्रत्येक वळणानंतर समोरचं चित्रच बदलतं. पण यांचं प्लॅनिंग नेहमीच्या डोंगरावरच्या ट्रेकसारखं करून चालत नाही, आणि त्याचं कारण एकच आहे: मधूनच बाहेर पडता येत नाही. एरवी पाऊस आला, कुणाचा पाय मुरगळला, तर एखाद्या सोंडेवरून उतरून जवळचा रस्ता गाठता येतो. इथे वर भिंत, खाली पाणी, म्हणजे पुढे जायचं नाहीतर आल्या वाटेने मागे फिरायचं. आज जे काही सांगणारे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

(स्क्रीनवर नकाशा)

तर सुरुवात नकाशापासून. पहिल्यांदा बघा की वाट गोल फिरून परत येते, की एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, की त्याच वाटेने परतायचंय. स्पेनमध्ये रूटा देल कारेस म्हणून सुंदर वाट आहे, पोन्सेबोस ते काईन, कारेस नदीच्या वर कातळात खोदलेली, एका दिशेने साधारण 12 किलोमीटर. बरेच लोक 12 चा आकडा वाचून निघतात, पण गाडी पोन्सेबोसला ठेवली असेल तर परत यायचंय, म्हणजे दिवस 24 चा झाला, आणि रस्त्याने वळसा घालून यायचं तर गाडीलाही काही तास लागतात. म्हणून अंतर वाचलं की आधी स्वतःला विचारा, हे एका बाजूचं आहे की दोन्ही बाजूंचं?

आता वेळेचा हिशोब, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणारे. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा नियम दिला, तो आजही कामाला येतो. दर 5 किलोमीटरला 1 तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. समजा जाऊन येऊन 14 किलोमीटर आणि एकूण चढाई 700 मीटर, तर अंतराचे साधारण 2 तास 48 मिनिटं आणि चढाईचा 1 तास 10 मिनिटं, मिळून जवळपास 4 तास. पण या नियमात माणूस फिट आहे आणि न थांबता चालतोय असं धरलंय, शिवाय अरुंद वाटेवर, घसाऱ्यावर, समोरून येणाऱ्यांना जागा देत तो वेग मिळत नाही. मी या आकड्याची दीडपट करते, झाले 6 तास, आणि खाणं, फोटो, बसणं याचा 1 तास वेगळा. म्हणजे 7 तास. सकाळी 7 ला पाय टाकला तर दुपारी 2 ला बाहेर.

आणि हो, ती चढाई मोजताना फसू नका. नदीच्या बाजूने चाललोय म्हणजे सपाट असणार असं वाटतं, पण कड्यावरची वाट सपाट नसतेच, बाजूने ओढा आला की वाट त्याच्यात उतरते आणि पलीकडे परत चढते. असे 10 ओढे आणि प्रत्येकी 30 मीटर धरले तरी 300 मीटर चढाई झाली, आणि सुरुवातीची आणि शेवटची उंची बघितली तर ती दिसतही नाही! त्यामुळे ॲपमध्ये सगळे चढ मिळून किती होतात, तो आकडा बघा.

यातून निघतो सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, मागे फिरायची वेळ. ती घरीच ठरवायची आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगायची, की साडेदहा वाजले की जिथे असू तिथून परत. पुढचा पॉइंट 10 मिनिटांवर असला तरी परत. सूर्यास्ताच्या निदान 2 तास आधी वाटेच्या बाहेर पडायचं असा हिशोब ठेवा, कारण घळीत ऊन फार लवकर जातं, वर आकाशात लख्ख उजेड असतो आणि पायाखाली मात्र अंधारून आलेलं असतं. हेडलॅम्प सॅकमध्ये हवाच, मोबाइलच्या टॉर्चवर भागवायचं नाही, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

पावसाचा अंदाज बघताना फक्त आपल्या डोक्यावरचा बघू नका, नदी जिथून येते तिथला बघा. आपल्याकडे कडक ऊन असतं आणि वर कुठेतरी तुफान पाऊस झालेला असतो. वरच्या बाजूला धरण आहे का हेही शोधा, पाणी सोडायची वेळ जाहीर करत असतील तर ती माहीत करून घ्या. आता तुम्ही म्हणाल आम्ही तर कड्यावर, नदी 100 मीटर खाली, आम्हाला काय? तर धोका बरेचदा त्या मोठ्या नदीचा नसतोच, आडव्या येणाऱ्या ओढ्यांचा असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याएवढं पाणीसुद्धा माणसाला उचलतं आणि इथे उचलून टाकेल ते थेट कड्यावरून खाली. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज वाढला, तर ओलांडायचं नाही. छोटे ओढे जसे झटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा लवकर उतरतातही, थांबा, आणि या थांबण्यासाठीच तो जास्तीचा वेळ हाताशी ठेवलेला असतो.

(स्क्रीनवर नदीच्या वळणाचं चित्र)

हे चित्र नीट बघा. नदी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आदळतं आणि काठ खालून खात जातं, म्हणूनच तिथे उंच कडा तयार होतो, म्हणूनच तिथून दोन्हीकडचं पात्र दिसतं, आणि म्हणूनच सगळे फोटो तिथेच काढतात! म्हणजे सगळ्यात भारी व्ह्यू असतो तिथेच खालची जमीन पोकळ असायची शक्यता जास्त. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडेच थांबा. गवत दिसतंय म्हणजे खाली जमीन आहे असंही समजू नका. मी तर सांगेन, आपल्या उंचीएवढं अंतर काठापासून सोडा. फोटोसाठी आधी थांबायचं, पाय स्थिर करायचे, मग फोन काढायचा, आणि स्क्रीनकडे बघत मागे सरकायचं नाही.

कातळाच्या बाजूचंही सांगते. वाटेवर ताजे दगड पडलेत आणि भिंतीवर त्याच जागी फिकट रंगाचा डाग दिसतोय, तर तिथून नुकतंच काहीतरी सुटलंय. तिथे जेवायला बसायचं नाही, बोलत उभं राहायचं नाही, सरळ पुढे निघायचं. मोठ्या पावसानंतरचे एक-दोन दिवस आणि बर्फ वितळायचा मोसम, या काळात दरडी जास्त सुटतात. स्पेनमध्येच कामिनितो देल रेय म्हणून कड्याच्या भिंतीला लटकवलेली वाट आहे, तिच्यावर हेल्मेटशिवाय सोडत नाहीत, आणि जोराचा वारा असला तर वाटच बंद ठेवतात. आपण जातो त्या वाटेवर सक्ती नसेल पण भिंत तशीच असेल तर हेल्मेट घ्या. समोरून कुणी आलं, विशेषतः खेचर किंवा गुरं, तर आपण भिंतीच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

पाण्याचं एक विचित्र आहे, दिवसभर नदी दिसते आणि प्यायला एक थेंब मिळत नाही. बरी हवा असेल तर तासाला अर्धा लिटर, उन्हाचं जवळपास दुप्पट, आणि दुपारी कातळ तापला की भिंतीची धग वेगळीच. शूजची ग्रिप, शिट्टी, पायाला बांधायची क्रेप बँडेज, हे तर घेताच तुम्ही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. घळीत रेंज नसते, म्हणून ऑफलाइन मॅप घरीच डाउनलोड करा. सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे आपला ठिपका कधी नदीत कधी समोरच्या कड्यावर दिसतो, त्याच्यावर विसंबून अंधारात पाऊल टाकू नका. मदत हवी असेल तर 112 बऱ्याच देशांत चालतो, तरी जिथे जाताय तिथला नंबर आधी सेव्ह करा. आणि रेंज नसेल तर डोंगरातली जुनी खूण, मिनिटात 6 वेळा शिट्टी किंवा उजेड, मग 1 मिनिट थांबायचं, मग परत 6. उत्तर मिनिटात 3 वेळा येतं. ही पद्धत 1894 मध्ये क्लिंटन डेंट या इंग्लिश गिर्यारोहकाने सुचवली होती. फक्त नदीचा आवाज शिट्टी गिळून टाकतो, म्हणून टॉर्चही वापरा.

ग्रुपमध्ये कुणाला उंचीची भीती आहे का हे निघायच्या आधी मोकळेपणाने विचारा, अगदी प्रेमाने, कारण अर्ध्या वाटेवर पाय थरथरायला लागले की त्या माणसासाठी परतीची वाटही तेवढीच भयंकर असते. अशा कुणाला आणायचंच असेल तर आधी छोट्या कड्यावर नेऊन बघा.

आणि घरच्या एका माणसाला लिहून द्या, कुठून शिरतोय, कुठून निघणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. मग बाहेर आलात, रेंज आली, की फोटो टाकायच्या आधी त्या माणसाला "बाहेर पडलो" असा मेसेज करा, नाहीतर तिकडे तुम्हाला शोधायला लोक निघालेले असतील.