टाकीत जन्मलेले मासे

(दृश्य : दगड, वाळू आणि चालू पंप. टाकीत अजून एकही मासा नाही.)

60 सेंटिमीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच असलेली ही समुद्री माशांची, खाऱ्या पाण्याची टाकी हिशेबाने 96 लिटरची भरते. पण पाणी काठापर्यंत भरले जात नाही, आणि वाळू व दगडही आपली जागा घेतात, त्यामुळे माशांच्या वाट्याला प्रत्यक्षात सुमारे 75 लिटर पाणी येते. दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत वाढणारे जीवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांची वाढ स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नसतात, मात्र कोणते आणायचे हे ठरवण्यासाठी हाच योग्य काळ आहे. एवढ्या पाण्यात लहान चणीचे चार, फार तर पाच मासे नीट राहतात, आणि ते समुद्रातून पकडलेले नसून टाकीत जन्मलेले असावेत, असा आमचा आग्रह आहे.

(दृश्य : पैदास कक्ष. कौलावर चिकटलेली नारिंगी अंडी, शेजारी क्लाउनफिशची जोडी.)

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा ऑसेलारिस क्लाउनफिश. या जातीचा प्रत्येक मासा आधी नर असतो आणि गटातला सर्वांत मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यामुळे जोडी जमवण्यासाठी नर-मादी ओळखत बसण्याची गरज नसते. एक थोडे मोठे आणि एक लहान अशी दोन कोवळी पिल्ले एकत्र आणली, की जोडी बहुधा आपोआप जमते. छोट्या टाकीत ही जोडी तिसऱ्या क्लाउनफिशला मात्र टिकू देत नाही.

कौलापाशी पंख हलवत उभा आहे तो नर. तो परांनी अंड्यांवर सतत पाणी खेळते ठेवतो आणि खराब झालेली अंडी तोंडाने उचलून बाजूला करतो. सुरुवातीला नारिंगी दिसणारी अंडी हळूहळू गडद होतात, मग त्यांतून चंदेरी डोळे चमकू लागतात, आणि पाण्याच्या तापमानानुसार सात ते दहा दिवसांत, दिवे मालवल्यानंतरच्या अंधारात, पिल्ले बाहेर येतात. काही मिलिमीटर लांबीच्या या पिल्लांना कोरडे खाद्य चालत नाही. त्यांना रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जीव लागतात, आणि रोटिफरना जगवण्यासाठी सूक्ष्म हिरवे शैवाल वाढवावे लागते. मागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या हिरव्या पाण्याच्या बरण्या त्याच शैवालाच्या आहेत. पिल्ले थोडी मोठी झाली, की त्यांना नुकतेच उबलेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले इवले कवचधारी जीव, देतात, आणि दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तरंगणारे पिल्लू तळाकडे उतरू लागते आणि त्याच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. येथून पुढे ते माणसाने दिलेले अन्न ओळखते आणि काचेला बुजत नाही. विकत घेणाऱ्यासाठी या दोन सवयी रंगापेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत.

समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या डंखणाऱ्या प्राण्याच्या, आधाराने राहतो, टाकीत मात्र त्याला समुद्रफुलाची गरज पडत नाही. समुद्रफुलाला मुरलेली टाकी आणि तीव्र प्रकाश लागतो, शिवाय ते जागा बदलत फिरते आणि वाटेतल्या प्रवाळांना डंखते. नव्या, छोट्या टाकीत ते न आणणेच योग्य.

(दृश्य : काळे पट्टे आणि लांब पर असलेला चंदेरी मासा, जवळून.)

हा बांगाई कार्डिनल. त्याचे मूळ स्थान इंडोनेशियातील मध्य सुलावेसीजवळची बांगाई बेटे आणि त्यांच्या आसपासचा अगदी लहान प्रदेश. शास्त्रीय नोंद 1933 सालची असली, तरी शोभेच्या माशांच्या व्यापारात तो 1990च्या दशकात आला. या माशाचा नर अंडी तोंडात धरतो. अंडी उबल्यानंतरही पिल्ले काही दिवस त्याच्या तोंडातच राहतात, आणि त्या सगळ्या काळात, म्हणजे तीन-चार आठवडे, नर बहुतेक उपाशी असतो. दृश्यातील फुगलेला जबडा त्याच अवस्थेतील नराचा आहे. तोंडातून सुटलेले पिल्लू लहान आकाराचा पूर्ण मासाच असते. इतर बहुतेक प्रवाळमाशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात, याची जात नाहीत. म्हणूनच हा मासा टाकीत वाढवणे तुलनेने सोपे आहे, आणि म्हणूनच एका किनाऱ्यावरून तो ओरबाडला गेला, की दुसरीकडून येऊन ती जागा भरून निघत नाही. 2007 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवले. टाकीत जन्मलेला मासा उपलब्ध असताना समुद्रातून पकडलेला बांगाई घेण्याचे एकही समर्थनीय कारण उरत नाही. छोट्या टाकीत तो एकच ठेवावा, कारण मोठे होताना नर एकमेकांच्या जिवावर उठतात.

(दृश्य : वाळूतले बीळ. दाराशी पिवळा गोबी, मागे माती ढकलणारी कोळंबी.)

तळाच्या जागेसाठी पिवळा वॉचमन गोबी निवडावा आणि शक्य असल्यास त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी आणावी. बीळ खणण्याचे काम कोळंबीचे आणि दारावर पहारा देण्याचे काम गोबीचे. कोळंबीची नजर अधू असते, म्हणून बाहेर येताना ती एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते, आणि धोका दिसताच गोबीने शेपटी थरथरवली, की दोघेही बिळात शिरतात. या खोदकामामुळे दगड ढासळू नयेत, यासाठी ते वाळूवर न ठेवता आधी काचेच्या तळावर नीट बसवावेत आणि वाळू नंतर घालावी.

(दृश्य : विक्रीसाठी ठेवलेल्या टाक्यांची रांग.)

निळा सर्जनफिश येथे आठ-दहा सेंटिमीटरचा दिसतो, पण त्याची पूर्ण वाढ सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत होते. 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याची पैदास यशस्वी झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु जन्म कोठेही झाला, तरी ही टाकी त्याला पुरणार नाही. रंगीबेरंगी मँडरिन मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो आणि छोट्या टाकीतला साठा संपला, की उपासमारीने मरतो. बटरफ्लायफिशच्या अनेक जाती जिवंत प्रवाळ कुरतडतात. अशा चुकीच्या निवडीतून, तसेच सायनाइड वापरून पकडलेल्या माशांतून, घरोघरीच्या टाक्यांत असंख्य मासे दगावतात.

(दृश्य : झाकलेली, जवळजवळ रिकामी दुसरी टाकी.)

प्रत्येक नवा मासा आधी निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण तेच तांबे प्रवाळांना आणि कोळंबीला मारक ठरते, त्यामुळे मुख्य टाकीत तो उपचार करता येत नाही. शांत स्वभावाचे मासे आधी सोडावेत: पहिला गोबी, नंतर बांगाई, मग क्लाउनफिशची जोडी. ऑर्किड डॉटीबॅक नावाचा छोटा जांभळा मासा घ्यायचा असेल, तर तो अगदी शेवटी, कारण आधी आलेला डॉटीबॅक संपूर्ण दगडावर हक्क सांगू लागतो. प्रत्येक भर घातल्यानंतर अमोनिया व नायट्राइट शून्यावर असल्याची खात्री करून, दोन-तीन आठवडे थांबून मगच पुढचा मासा आणावा. विकत घेण्यापूर्वी मासा कोणत्या पैदास केंद्रातला आहे हे विचारावे, आणि तो आपल्यासमोर खाद्य घेतो का हे पाहून मगच पैसे द्यावेत.