मांजर आडवं गेलं

(पडदा काळा. पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज, मागोमाग मांजराचं फिस्कारणं.)

एका माणसाला मोटरसायकल भाड्यानं हवी आहे. गोष्ट एवढीच.

त्यासाठी तो काय करतो बघा. एका शेडच्या दाराला खाली भोक आहे, त्यावर तो चिकटपट्टी लावतो. जवळच बसलेल्या काळ्या मांजरावर पाण्याचा फवारा मारतो. मांजर बिथरून भोकातून पळतं आणि पट्टीला त्याचे केस चिकटतात. ते केस मेपल सिरपनं ओठांवर चिकटवले की झाली मिशी तयार. मग अंगात मित्राचा कोट, डोक्यावर लाल टोपी आणि खिशात त्याच मित्राचा ढापलेला पासपोर्ट. कारण जी मोटरसायकल त्याला हवी आहे, ती त्या मित्राच्या नावावर राखून ठेवलेली आहे.

आता खरी मेख. त्या मित्राला मिशीच नाही.

(तीन सेकंद शांतता.)

मग? मग आपला नायक पासपोर्टवरच्या फोटोला मार्करनं मिशी काढतो आणि त्या काढलेल्या मिशीशी जुळावी म्हणून स्वतःला मांजराच्या केसांची मिशी लावतो. त्याचा हिशेब असा असावा, की समोरचा माणूस मिशी बघेल आणि चेहरा बघणार नाही. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

(शीर्षक पडद्यावर.)

हा प्रसंग आहे 'गॅब्रिएल नाइट ३' या अॅडव्हेंचर गेममधला, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेण्याच्या गेममधला. नोव्हेंबर १९९९, विंडोज, तीन सीडी. लेखन आणि आराखडा जेन जेन्सन यांचा, कंपनी सिएरा. आणि हे कोडं शेवटाजवळचं, पट्टीच्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेलंही नाही. ते पहिल्याच दिवशी समोर येतं. गावात पाय ठेवून जेमतेम काही वेळ झालेला असतो, अजून कुणाची धड ओळख नाही, आणि गेम तुमच्या हातात चिकटपट्टी देतो.

या गेमबद्दल खेळाडूंची मतं विचारली, तर दहातले बरेच जण आधी मांजराबद्दलच बोलतात. त्यातल्या कित्येकांनी गेम खेळलेला नसतो. ऐकलेलं असतं. हे ऐकीव मत कुठून आलं, तेही ठाऊक आहे. २००० साली 'ओल्ड मॅन मरी' नावाच्या एका टवाळखोर साइटवर एरिक वोलपॉ यांनी या कोड्याची पायरी न पायरी उलगडून दाखवली आणि निकाल दिला: अॅडव्हेंचर गेम कुणी मारले असं विचारता? कुणी मारले नाहीत, त्यांनी आत्महत्या केली. लेख बोचरा होता आणि अतिशय मजेदार होता. हेच वोलपॉ पुढे २००७ मधल्या 'पोर्टल' या गेमच्या लेखकांपैकी एक झाले, आणि 'पोर्टल'च्या कोड्यांबद्दल कुणाचीही तक्रार ऐकू येत नाही. म्हणजे टीका करणाऱ्याला विषय कळत होता, हे मान्य करायलाच हवं.

जेन्सन यांनी नंतर सांगितलं की हे कोडं त्यांचं नव्हतंच. त्यांनी योजलेलं कोडं खर्चापायी गळलं आणि निर्मात्याकडून आलेलं हे त्याच्या जागी बसलं. खरं असेलही. पण खेळणाऱ्याला त्याचं काय? पडद्यावर मांजर आहे ते आहेच.

(पडद्यावर: टेकडीवरचं गाव. कॅमेरा छपरांवरून हळूहळू खाली येतो.)

आता गेमकडे येऊ.

गॅब्रिएल नाइट हा न्यू ऑर्लिन्सचा. जुन्या पुस्तकांचं दुकान, कादंबऱ्या लिहिण्याची हौस आणि बायकांच्या मागे लागण्याची खोड. पहिल्या भागात, १९९३ मध्ये, त्याला कळतं की तो एका जर्मन घराण्याचा वारस आहे. या घराण्याचं काम म्हणजे अमानवी शक्तींचा शोध घेऊन बंदोबस्त करणं. त्याची सहकारी ग्रेस नाकिमुरा. अभ्यास करते ती, नाव होतं त्याचं. तिसऱ्या भागात एका राजघराण्यातल्या प्रिन्स जेम्सचं तान्हं बाळ पॅरिसमधून पळवलं जातं. गॅब्रिएल पाठलाग करत ट्रेनमध्ये चढतो, डोक्यात फटका खातो आणि शेवटी पोहोचतो दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या गावात.

गाव खरं आहे. आणि या गावाची खरी गोष्टही कुठल्या गेमपेक्षा कमी नाही.

१८८५ मध्ये तिथे बेरांजे सोनिएर नावाचा पाद्री आला. गाव लहान, चर्च पडायला आलेलं. पुढच्या काही वर्षांत या पाद्र्यानं चर्च नव्यानं सजवलं, दाराशी एका राक्षसाचा पुतळा बसवला, बंगला बांधला, दरीच्या काठावर ग्रंथालयासाठी मनोरा उभा केला. पैसा आला कुठून? लोकांनी ठरवलं, गुप्तधन सापडलं. धर्मपीठाच्या चौकशीत निघालं ते बरंच रुक्ष होतं: पाद्रीबाबा दूरदूरच्या लोकांकडून प्रार्थना म्हणण्याचे पैसे घेत, माणसाच्या आवाक्यात नसतील इतक्या प्रार्थनांचे. १९१७ मध्ये सोनिएर वारले. त्यानंतर कित्येक वर्षांनी पिएर प्लांतार नावाच्या माणसानं आपल्या काही साथीदारांबरोबर बनावट कागद तयार केले, ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले आणि या गावाला मेरोव्हिंजियन या जुन्या फ्रँक राजवंशाच्या गुपितांशी जोडणाऱ्या कहाणीची सोय करून दिली. त्या कागदांतच एक विचित्र काव्य आहे, 'ल सर्पां रूज'. म्हणजे लाल साप. तेरा कडवी, प्रत्येकाला राशीचं नाव. राशी बारा, पण इथे भुजंगधारी हा तेरावा तारकासमूहही घेतला आहे.

जेन्सन यांनी हे काव्य उचललं आणि गेमच्या मध्यभागी ठेवलं.

(पडद्यावर: जुन्या संगणकाचा पडदा, त्यावर नकाशा. माउसचे क्लिक ऐकू येतात.)

ज्यांनी गेम पूर्ण खेळला आहे, त्यांना मांजर विचारा, ते हसतील. 'ल सर्पां रूज' विचारा, ते खुर्चीत पुढे सरकतील.

ग्रेसजवळ सिडनी नावाचा संगणक आहे. त्यात संशयितांच्या नोंदी आहेत, शोधायला माहितीसाठा आहे, बोटांचे ठसे जुळवता येतात, आणि परिसराचा नकाशा आहे. तुमच्या हातात काव्य आहे. पहिलं कडवं वाचायचं. त्यात कुठल्या तरी जागेचा, कुठल्या तरी आकाराचा इशारा असतो. तो ओळखून नकाशावर बिंदू टाकायचे. बिंदू बरोबर पडले तर त्यांतून वर्तुळ जातं. पुढचं कडवं म्हणतं त्याप्रमाणे वर्तुळाला चौकोन, चौकोनात बुद्धिबळाच्या पटासारखी चौसष्ट घरं, मग सहा टोकांचा तारा. मध्येच अडतं. मग ग्रेस गाडीवर बसून खरोखर त्या जागी जाते, दगड बघते, खोलीत परत येते. निकोला पुसँ या चित्रकाराचं एक चित्र आहे, मेंढपाळ थडग्यावरची अक्षरं वाचताहेत असं. त्या चित्रातली भूमितीही इथे कामाला येते.

हे सगळं एका बैठकीत होत नाही. गेमचे दोन दिवस हे कोडं पसरलेलं आहे, मध्ये बाकीचा तपास चालू असतो. आणि गेम तुम्हाला 'शाब्बास, पुढे जा' असं सांगत बसत नाही. रेघ जागेवर बसली की ती तशीच राहते, आणि तुम्हाला आपलं आपल्याला कळतं की बसली. हा आनंद कसा असतो, ते भूमितीतलं एखादं अवघड प्रमेय कुणाच्या मदतीशिवाय सुटलेल्यांना सांगायला नको.

माझं मत विचाराल तर डिटेक्टिव्ह गेममध्ये इतकं खरं डिटेक्टिव्हचं काम फार थोड्यांनी करायला दिलं आहे. बहुतेक गेममध्ये नायक हुशार असतो आणि आपण त्याच्यासाठी दारं उघडतो. इथे ग्रेसला जे कळतं, ते आपल्याला कळल्याशिवाय तिला कळत नाही. मांजराच्या कोड्यात नेमकं उलटं झालंय. तिथे आपल्याला गॅब्रिएलसारखा विचार करून भागत नाही, कारण गॅब्रिएलही असा विचार करणार नाही. तिथे कोडं रचणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते हुडकायचं असतं.

यावरून खेळाडूंत एक जुना वाद आहे. काही जणांचं म्हणणं, मांजराचं कोडं अवघड नाहीच. त्या टप्प्यावर जवळ असतात मोजक्या वस्तू, या वस्तूवर ती वस्तू लावून बघत गेलं की सुटतं. बरोबर आहे त्यांचं. पण अवघडपणाबद्दल तक्रार होतीच कुठे? 'ल सर्पां रूज' त्याच्या कितीतरी पट अवघड आहे आणि त्याला कुणी शिव्या देत नाही.

(पडद्यावर: गॅब्रिएलचा चेहरा, अगदी जवळून. फार जवळून.)

बाकीच्या तक्रारी झटपट उरकू.

चेहरे. पहिला भाग हातानं रंगवलेला होता, दुसरा, १९९५ चा, खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेला होता, सहा सीडींचा. तिसरा थ्रीडी केला, कारण तेव्हा सगळेच करत होते. परिणाम असा की रडण्याच्या प्रसंगात भुवया हलतात, बाकी चेहरा लाकडी. दुसऱ्या भागाचे चाहते हे अजूनही विसरलेले नाहीत.

आवाज. पहिल्या भागातले नट टिम करी गॅब्रिएलचा आवाज म्हणून परत आले. त्यांचा तो लांबवलेला, मधात बुडवलेला न्यू ऑर्लिन्सचा हेल कुणाला नाटकी वाटतो, तर कुणाला त्याच्याशिवाय गॅब्रिएल चालत नाही. मधलं मत मी तरी ऐकलेलं नाही. माझं? पहिला अर्धा तास असह्य, मग सवय होते, मग आवडायला लागतो.

कॅमेरा. यावर मात्र थोडं थांबू. इथे कॅमेरा पात्राला बांधलेला नाही. गॅब्रिएलला दाराशी उभं ठेवून तुम्ही एकटेच खोलीभर फिरू शकता, कपाटामागे बघू शकता, टेबलाखाली शिरू शकता. सुरुवातीला हा प्रकार भंजाळून टाकतो. नायक कुठे, आपण कुठे! पण थोड्या वेळानं लक्षात येतं की आपण एखाद्या भुतासारखे खोली धुंडाळतोय, आणि धुंडाळणं हेच तर काम आहे. जी गोष्ट काही जणांना गेमचा सगळ्यात मोठा दोष वाटते, तीच काही जणांना त्यातली सगळ्यात मोठी कल्पना वाटते. दोघंही एकाच माउसबद्दल बोलताहेत.

घड्याळाचंही तसंच. कथा तीन दिवसांची आहे, वेळेच्या तुकड्यांत विभागलेली. गावात गुप्तधन शोधायला आलेला पर्यटकांचा एक गट आहे, आणि त्यातला प्रत्येक जण आपापल्या उद्योगात आहे. कोण कुणाला चोरून भेटतं, कोण कुणाच्या खोलीत डोकावतं, हे योग्य वेळी योग्य जागी असलात तर दिसतं. नाहीतर निसटतं, आणि गेम तरीही पुढे जातो. दोन खेळाडू एकमेकांना आपला तपास सांगायला बसले की एकाला ठाऊक असलेला प्रसंग दुसऱ्यानं पाहिलेलाच नसतो. याला गाव जिवंत असणं म्हणतात. पण याच घड्याळाची दुसरी बाजू अशी की ठरलेलं काम झाल्याशिवाय पुढचा तुकडा सुरू होत नाही. ते काम कोणतं, हे कुणी सांगत नाही. मग तुम्ही दुपारी दोन वाजता त्याच गल्लीत चौथ्यांदा फेरी मारता.

(पडद्यावर: बंद ऑफिस. रिकाम्या खुर्च्या.)

हा गेम ज्या वर्षी आला, ते वर्षही विसरू नये. सिएरा म्हणजे रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांची कंपनी. त्यांचा पहिला ग्राफिक्सवाला गेम, १९८० मधला 'मिस्ट्री हाउस', खुनाच्या तपासाचाच होता. १९९६ मध्ये कंपनी विकली गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्टचा जुना स्टुडिओ बंद झाला, लोकांना घरी पाठवलं गेलं. 'गॅब्रिएल नाइट ३' त्यानंतर नऊ महिन्यांनी दुकानांत आला. सिएराच्या शेवटच्या मोठ्या अॅडव्हेंचर गेमपैकी तो एक. एवढ्या पडझडीत तो पूर्ण झाला, हेच खरं तर आश्चर्य.

आणि विषयाच्या बाबतीत तो घाईतच होता म्हणायचा. येशूचा वंश आणि फ्रान्समधलं गुपित हा मसाला घेऊन एक कादंबरी २००३ मध्ये जगभर गाजली. हा गेम त्याच्या चार वर्षं आधी त्याच वाटेनं जाऊन आला होता.

आजही तो विकत मिळतो, आजच्या संगणकावर चालतो. खेळणार असाल तर मांजरापाशी सरळ उत्तर बघा, अजिबात लाज बाळगू नका. 'ल सर्पां रूज'पाशी मात्र वॉकथ्रू, म्हणजे तयार उत्तरं, बंद करा आणि वही-पेन्सिल घेऊन बसा.

(पडद्यावर: हॉटेलची खोली. पलंग नीट आवरलेला. त्यावर घडी घातलेला कागद.)

पुढच्या वाक्यात शेवट फुटणार आहे, नको असेल तर इथेच थांबा.

सगळं संपल्यावर गॅब्रिएल खोलीवर येतो तेव्हा ग्रेस निघून गेलेली असते. मागे पत्र. दोन दिवस नकाशावर एकेक रेघ जिनं ओढली, तिची बॅग खोलीत नाही. चौथ्या भागात ती भेटेल असं खेळाडूंनी धरून ठेवलं होतं. चौथा भाग आला नाही.

(पत्रावर कॅमेरा स्थिर. संगीत नाही.)