समान गुण, एकच जागा

(दृश्य : हायस्कूलचं सभागृह. फळ्यावर खडूनं लिहिलेला गुणतक्ता.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आंतरशालेय प्रश्नमंजुषा. शेवटची फेरी संपली आणि फळ्यावर दोन संघांपुढे एकच आकडा आहे : ८०. जिल्ह्याला मात्र एकच संघ जायचा आहे. अशा वेळी माइकवरून बहुतेक ठिकाणी एकच घोषणा होते, "आता टायब्रेकर. आधी बझर दाबेल त्याला संधी." टायब्रेकर म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीची जादा फेरी.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात ही घोषणा मुलांच्या पदरात अन्याय टाकू शकते. इथं कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा एकाच तालुक्यात आहेत. सगळ्यांची स्पर्धा एकत्र घेतली की प्रश्न एकच असतो, पण तो एकामागून एक भाषेत वाचला जातो.

(दृश्य : बझरवर टेकलेलं बोट, जवळून.)

समजा, प्रश्न आहे, मलप्रभा नदीचा उगम कुठं होतो? आधी इंग्रजीत वाचला, मग कन्नडमध्ये. मराठी वाचन सुरू होण्याआधीच पलीकडच्या टेबलावरचा दिवा लागला. अलीकडच्या टेबलावर मराठी माध्यमाची एक मुलगी बसली आहे, ती कणकुंबीची. मलप्रभा उगम पावते ती तिच्याच गावात. तिचं बोट बझरवर होतं, पण प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. "सर, मराठीत वाचा की," एवढंच ती म्हणते, तोवर गुण लिहून झालेले असतात. कन्नड आधी वाचलं काय किंवा मराठी आधी वाचलं काय, कुणाचं तरी मूल मागं राहणारच. म्हणून वेग हा निकष इथं मुळातच चालत नाही.

टायब्रेकरनं मूळ स्पर्धेत जे मोजलं तेच मोजावं. क्रिकेटनं हा धडा जगासमोर घेतला. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. दोन्ही संघ २४१. मग सुपर ओव्हर, म्हणजे दोघांना एकेक जादा षटक, त्यातही दोघांच्या १५ धावा. मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, आणि चषक इंग्लंडला गेला. चौकार जास्त म्हणजे खेळ सरस, हे कुणाला पटणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं नियम बदलला. उपांत्य आणि अंतिम सामन्यात निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायची, असं ठरलं.

काही जण म्हणतात, चिठ्ठी टाका, निवडणुकीतही टाकतातच की. खरं आहे. समान मतं पडली तर चिठ्ठीनं निकाल लावण्याची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पण तिथं मतदान संपलेलं असतं, आणखी मतं आणायची कुठून? प्रश्नमंजुषेत आणखी पाच प्रश्न विचारता येतात. वर्षभर तयारी केलेल्या मुलांना घडी केलेल्या कागदाच्या हवाली करायची गरज नाही. वयानं लहान संघ पुढं, हा नियमही असाच, अभ्यासाशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक संघातून एकाच मुलाला पुढं बोलावून शेवटचा प्रश्न विचारतात. बाकीची दोघं मागं उभी राहून बघतात. ८० गुण तिघांनी मिळवले होते. निकालही तिघांनी मिळून लावायला हवा.

(दृश्य : शिक्षक पाकीट फोडतात. प्रत्येक टेबलावर छापील कागद.)

मग करायचं काय? बरोबरी होईल हे आधीच धरून चालायचं. दहा-दहा गुणांचे मोजकेच प्रश्न असले की बेरजाही मोजक्याच होतात, ७०, ८०, ९०. दोन संघ एका आकड्यावर येणं अगदी स्वाभाविक आहे. पात्रता फेरीच्या लेखी पेपरात काही कठीण प्रश्नांपुढे तारा छापायचा आणि समान गुण झाले तर तारांकित प्रश्नांचे गुण बघायचे, ही पद्धत आपल्याकडच्या क्विझमध्ये रुळलेली आहे. अंतिम फेरीसाठी पाच राखीव प्रश्न, बंद पाकिटात, प्रत्येक माध्यमात छापलेले. त्या त्या माध्यमाच्या शिक्षकांनी ते आधी वाचून भाषांतर तपासलेलं. संघ एकत्र बसून उत्तरं लिहील, वेळ सगळ्यांना सारखाच, आधी कागद दिला म्हणून जादा गुण नाहीत. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, मराठी माध्यमाच्या मुलाला मराठीत छापलेला पेपर मिळतो आणि घंटा सगळ्यांना एकच असते. तीच व्यवस्था इथं दहा मिनिटांत उभी राहते.

आणि हे सगळं नियमपत्रिकेत आधी छापलेलं हवं. बरोबरी झाल्यावर परीक्षक कोपऱ्यात कुजबुजून नियम ठरवू लागले, की हरलेल्या शाळेला तो नियम आपल्याविरुद्धच वाटतो. सीमाभागात तर ही शंका माध्यमावर आणि भाषेवर जायला वेळ लागत नाही. तो भार मुलांच्या डोक्यावर कशाला?

फक्त ढालीचा प्रश्न असेल तर ती वाटून घ्यावी, सहा महिने या शाळेत, सहा महिने त्या शाळेत. प्रश्न पुढच्या फेरीचा असेल आणि राखीव प्रश्नांनंतरही गुण समानच राहिले, तर दोन्ही संघ जिल्ह्याला पाठवावेत. बेळगावच्या सभागृहात एक टेबल आणि तीन खुर्च्या जादा मांडाव्या लागतील, आणि आणखी एका संघाचं एसटी भाडं.