आधी सोडा, मग घ्या

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणाला अचानक घाबरल्यासारखं झालं, धाप लागली, की भोवतीची माणसं आधी काय सांगतात? "मोठा श्वास घे. अजून मोठा घे." कुणी खिडक्या उघडतं, कुणी पंखा पाचावर करतं. पंख्याची काही हरकत नाही, चेहऱ्यावर गार वारा आला की धाप खरोखरच कमी जाणवते. पण मोठ्या श्वासाचा सल्ला कितीही मायेने दिलेला असला, तरी चिंतेने लागलेल्या धापेत तो उलटा पडतो.

कसा, ते सांगतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. मनाने धसका घेतला की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. छाती वरच्या वर हलायला लागते, श्वास भरभर होतो. माणूस मात्र पळत नसतो. तो खुर्चीत बसून थकलेल्या हप्त्याचा मेसेज वाचत असतो, नाहीतर बारावीच्या पेपराच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून बसलेला असतो. स्नायूंनी काही काम केलेलं नाही, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्तीचा तयार झालेला नाही, आणि आहे तो भराभर बाहेर चाललाय. रक्तातलं त्याचं प्रमाण घसरलं की आम्लता घटते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतातही. छाती आवळल्यासारखी होते. मग वाटतं, आपल्याला हवाच पुरत नाहीये. म्हणून माणूस आणखी हवा ओढतो, आणि मुंग्या वाढतात.

कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. घाबरण्याचा असा झटका आलेल्या माणसाच्या बोटाला तो लावला तर बहुतेक वेळा ९८, ९९ दिसतं. माणूस म्हणतो, मशीन बिघडलंय! मशीन ठीक असतं. ऑक्सिजन भरपूर आहे, गेलाय तो कार्बन डायऑक्साइड. पण दर पाच मिनिटांनी बोट त्यात घालून बसायची सवय लावून घेऊ नका, त्या सवयीनेच चिंता वाढते. आणि आकडा चांगला आला म्हणजे हृदयही चांगलंच आहे, असा अर्थ काढू नका.

इथेच एक अट घालतो. धाप पहिल्यांदाच लागली असेल तर ती चिंतेची आहे, हे आपलं आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं. दमा असू शकतो, थायरॉइड असू शकतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं तर इतकं सर्रास आढळतं की "टेन्शन घेते ती" म्हणून सोडून दिलेल्या बाईला खरी गरज लोहाच्या गोळ्यांची असते. छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर आज मी सांगतोय त्यातलं काहीही करत बसू नका, १०८ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, असंही होतं. पूर्वी तोंडाला कागदी पिशवी लावून श्वास घ्यायला सांगत. आता ते करू नका म्हणतात, ते याच कारणाने. धाप हृदयाची किंवा दम्याची असली, तर पिशवीत ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतू शकतं.

तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले की हे चिंतेचं आहे, आता काय? आता श्वास सोडायला शिकायचं. आपण आत्ताच करून बघू. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका.

खुर्चीत थोडे पुढे झुका, कोपरं मांडीवर टेकवा. पट्टा, नाडी, जे काही आवळलेलं असेल ते सैल करा. एक हात पोटावर ठेवा. आता काही आत घ्यायचं नाही, आधी आहे ते सोडायचं. बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तशी, ओठ जरासे मिटून, चहा सांडणार नाही इतकी हलकी. मनात सहा मोजेपर्यंत सोडा. मग तोंड बंद करा आणि नाकाने, तीन-चार मोजेपर्यंत, पोटावरचा हात हलेल इतकाच श्वास येऊ द्या. ओढू नका, तो आपला आपण येतो. पुन्हा सोडा. सहा जमत नसेल तर चार मोजा, श्वास रोखून धरायची गरज नाही. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून सोडणं लांबवायचं. दोन-चार मिनिटं तरी द्या. पहिल्या तीन श्वासांत काही झालं नाही म्हणून सोडून देणारेच फार. आणि रोज, काही होत नसताना, पाच-दहा मिनिटं हा सराव केला तरच घाबरलेल्या क्षणी तो आठवतो.

मोजण्याने ज्यांची घालमेल वाढते, त्यांनी मोठ्याने म्हणावं. रामरक्षा म्हणा, हरिपाठ म्हणा, देवाचं नको असेल तर एकोणतीसचा पाढा म्हणा. बोलताना श्वास बाहेरच जात असतो, लांब ओळ एका दमात म्हटली की सोडणं आपोआप लांबतं. इटलीतले संशोधक लुचिआनो बेर्नार्दी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. लॅटिनमधून म्हटलेली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र, दोन्हींत लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. गोव्यात संध्याकाळी घराघरांतून तेर्स, म्हणजे हीच जपमाळ, म्हणणाऱ्या आज्यांना आणि आपल्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणवून घेणाऱ्या आजोबांना हा आकडा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

प्राणायामाचं विचाराल तर भ्रामरी चांगली, कारण गुंजारव करताना श्वास सावकाशच सुटतो. पण झटका आलेला असताना भस्त्रिका किंवा कपालभाती अजिबात नको. भरभर श्वासानेच तर बिघडलंय. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून बघायच्या हेतूने. टीव्हीवर बघून धडाधड पोटाला झटके देणाऱ्यांनी तेवढी तपासून बघायची वृत्ती तरी घ्यावी.

बाकीचं थोडक्यात. उपाशीपोटी कडक चहा आणि धडधड यांचं गणित स्वतःपुरतं तपासा, दुपारनंतर चहा-कॉफी कमी करून बघा. तंबाखू, मिश्री, सिगारेटने मन शांत होतं हा भ्रम आहे, नाडी वाढतेच. अश्वगंधा झाडपाल्याची म्हणून निर्धोक समजू नका. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, यकृताचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि जिने चढणं सोडू नका. एकदा झटका येऊन गेलेला माणूस धाप लागण्यालाच भितो. मग लिफ्ट, मग रिक्षा, मग घरातच बसणं. शरीर आणखी ढिलं पडतं आणि आता दोन पायऱ्यांतच दम लागतो. डॉक्टरांनी हृदय ठीक आहे म्हटलंय ना, मग रोज चाला, इतकं की थोडी धाप लागेल. ती लागते आणि उतरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा बघू दे.

शेजारी बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. "काही झालेलं नाही तुला" म्हणू नका, त्याला जे होतंय ते खरंच होतंय. "श्वास घे" म्हणू नका. त्याच्याकडे बघत तुम्हीच सावकाश, ऐकू येईल असा श्वास सोडा, तो आपोआप तुमच्या लयीत येतो. झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो, तेवढा वेळ बसून राहा. आठवड्यातून अनेकदा असं होत असेल, झोप उडाली असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर फुंकरीवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे १४४१६. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा.

नमस्कार.