शिशात गुंडाळलेला पुरावा

(दृश्य: ब्रान नदी, पर्थशायर, स्कॉटलंड)

मे २०२०. नदीकाठी फिरायला आलेल्यांना शिशाच्या पत्र्याची एक गुंडाळी सापडते. उलगडली, तर आत सोनेरी गरुडाच्या पाठीवर बसवलेला, त्याचा ठावठिकाणा कळवणारा उपग्रह-टॅग! २०१६ मध्ये जवळच्याच स्ट्रॅथब्रानच्या माळावरून तो गरुड अचानक नाहीसा झाला होता. शिसं कशासाठी? संदेश बाहेर जाऊ नयेत म्हणून. ज्यानं हे केलं, त्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.

गरुड सापडला नाही.

(दृश्य: जांभळ्या फुलांनी भरलेले डोंगरमाळ)

हे माळ रेड ग्राउस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेले आहेत. १२ ऑगस्टला हंगाम उघडतो. हाकारे रान उठवतात, आडोशाला बंदुका टपलेल्या असतात. दिवसभराच्या शिकारीसाठी लोक हजारो पौंड मोजतात. मग ग्राउसवर झडप घालणारा प्रत्येक पक्षी इथं वैरी ठरतो. कुणी गोळी घालतं, कुणी विषारी आमिष ठेवतं, कुणी सापळा लावतं. शिक्षा झालेल्यांत शिकारी इस्टेटींचे रखवालदार पुन्हा पुन्हा दिसतात. पण बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नाहीत. एवढ्या निर्जन माळावर साक्षीदार कुठला?

शिकारी पक्ष्यांना ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्यानं संरक्षण दिलं. तरी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टॅग लावलेल्या ५८ हेन हॅरियर या शिकारी पक्ष्यांपैकी ७२ टक्के मारले गेले किंवा मारले गेल्याची दाट शक्यता असल्याचं आढळलं. स्कॉटलंडनं २०२४ मध्ये ग्राउसच्या शिकारीला परवाना सक्तीचा केला. फार उशिरा.

(दृश्य: झुडपांत, जमिनीवरचं घरटं)

हेन हॅरियर म्हणजे हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येणाऱ्या भोवत्यांचा भाऊबंद. मादी अंड्यांवर बसते, नर शिकार आणतो. तो वरून साद घालतो, तशी ती उडते, हवेतच उलटी होते आणि त्यानं सोडलेलं भक्ष्य पंजांत झेलते. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

२०१५ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या बोलंड भागात अशा घरट्यांचे नर एकामागून एक दिसेनासे झाले. नर आला नाही, की मादी उपाशी राहते. वाट पाहते. शेवटी भुकेनं उठून जाते.

अंडी गार पडतात.