तोच विषाणू, निराळा वेग

(पडद्यावर: दोन आलेख. एक रेषा झपाट्यानं उतरते, दुसरी जवळपास आडवी जाते.)

एचआयव्हीची लागण एकाच सुमारास झालेल्या दोन माणसांच्या सीडी४ पेशींचा, म्हणजे हा विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा प्रवास, औषधं नसतील तर, इतका वेगळा होऊ शकतो.

उपचारांशिवाय लागणीपासून एड्सपर्यंत सरासरी ८ ते १० वर्षं जातात. पण या सरासरीत फार काही झाकलं जातं. कुणाला २-३ वर्षांतच एड्स गाठतो. कुणाची तब्येत १५ वर्षांनंतरही टिकून असते. आणि शंभरात एकाहूनही कमी जण असे असतात, की औषधाविना त्यांच्या रक्तातला विषाणू नेहमीच्या चाचणीत दिसतही नाही.

लवकर खालावणाऱ्या माणसालाच बोल लावले जातात: पथ्य पाळलं नसेल, मन खंबीर नसेल. हे थांबायला हवं. कारण या फरकातला बराच भाग आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमध्ये असतो, आणि जनुकं कुणी निवडून घेत नाही.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी.)

स्टीफन क्रोन हा अमेरिकन चित्रकार. १९८०च्या दशकात त्याचा जोडीदार आणि अनेक मित्र एड्सनं गेले. त्याला मात्र लागण झाली नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी त्याच्या सीडी४ पेशींवर प्रयोगशाळेत विषाणू सोडून पाहिला, तर तो आत शिरेचना. १९९६ साली कारण उलगडलं. पेशीत शिरायला विषाणूला सीसीआर५ नावाच्या प्रथिनाचाही आधार लागतो. क्रोनला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या, अशा दोन्ही सीसीआर५ जनुकांमधली ३२ अक्षरं गळालेली होती. त्यामुळे ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नव्हतं.

अशा दोन्ही प्रती युरोपीय वंशाच्या साधारण १ टक्का लोकांत सापडतात. आफ्रिका आणि पूर्व आशियात त्या जवळजवळ नाहीत. एकच प्रत असेल तर लागण होते, पण एड्स सुमारे दोन वर्षं लांबतो. आणि दोन्ही प्रती असल्या तरी पूर्ण अभय नाही, कारण काही विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेऊन शिरतात.

पण लागण झाल्यावर वेग कोण ठरवतं? इथे सर्वांत मोठा प्रभाव दिसतो तो सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांचा.

पेशीच्या आत विषाणूची प्रथिनं तयार होऊ लागली, की त्यांचे बारीक तुकडे एचएलए रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात, जणू तळहातावर ठेवून दाखवावेत तसे. मारक टी-पेशी ते तुकडे ओळखतात आणि बाधित पेशी संपवतात. प्रत्येकाच्या एचएलएची खाच थोडी निराळी असते, म्हणून कोणता तुकडा पुढे येणार हेही माणसागणिक बदलतं.

एचएलए-बी५७ हा प्रकार विषाणूच्या कवचातले असे तुकडे नेमके उचलतो, जे बदलणं विषाणूला महागात पडतं. निसटण्यासाठी तो बदलतो, पण मग कवच नीट बसत नाही आणि त्याची वाढ मंदावते. म्हणजे सुटला तरी दुबळा होऊन सुटतो. बी२७चंही काहीसं असंच. उलट बी३५चे काही प्रकार असलेल्यांमध्ये आजार वेगानं पुढे सरकतो.

२०१० साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात विषाणू आपोआप काबूत ठेवणारे आणि न ठेवू शकणारे अशा साडेतीन हजारांहून अधिक लोकांचे जनुकसंच पडताळले. तीनशेहून जास्त ठिकाणी फरक आढळले, आणि ते सगळे या एचएलएच्याच परिसरात होते. त्यातही कळीची ठरली ती एचएलए-बीच्या खाचेतली मोजकी अमिनो आम्लं.

तरीही बी५७ असलेले अनेक जण आजारी पडतात. युरोपीय वंशाच्या लोकांत रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणातला जेमतेम पाव फरक या ज्ञात जनुकांनी उलगडतो. शिवाय एचआयव्हीचा सर्वाधिक भार आफ्रिकेवर असताना बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले, ही उणीव मला फार गंभीर वाटते. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या सुमारे ३,९०० लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा पहिल्या गुणसूत्रावर, सीएचडी१एल या जनुकाजवळ, विषाणूचं प्रमाण कमी ठेवणारा फरक सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो शोधूनही दिसला नसता.

(पडद्यावर: गोळ्यांची बाटली, रक्ताची नळी.)

आज जनुकं कशीही असोत, एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबणारी औषधं, वेळेवर आणि नियमित घेतली तर विषाणू दबतो. सीडी४ पेशींची संख्या चांगली असतानाही उपचार लगेच सुरू करणं हिताचं, हे २०१५ साली स्पष्ट झालं. सीसीआर५चा रस्ता अडवणारं मॅराविरॉक २००७ पासून वापरात आहे.

आणि बी५७? त्याचाच एक उपप्रकार, बी५७:०१, असलेल्यांना अबाकाविर या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते देण्याआधी रक्ताची जनुकीय चाचणी करतात. हा प्रकार सापडला, तर अबाकाविर सोडून दुसरं औषध दिलं जातं.